प्रेसिडेंटीणबाई आणि गॅलरीचा जिना

प्रेसिडेंटीणबाईंना माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय नव्हती. त्या आधी साडीकडे बघत, मग चपलांकडे, आणि तेवढ्यावर समोरच्या बाईची लायकी ठरली की मग तोंडाकडे. तोवर त्या बिचारीचं निम्मं बोलून झालेलं असे. मग बाई म्हणत, "काय म्हणालीस? पुन्हा सांग." ती पुन्हा सांगे. माझ्या लहानपणी ठाण्याच्या आमच्या सिनेगॉगमध्ये बायकांनी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, अशीच रीत आहे असं मला वाटत असे.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. आमच्याकडे पुरुष खाली बसून प्रार्थना म्हणत आणि बायका वरच्या लाकडी गॅलरीत बसत. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, आणि बायका "आज मशिदीत कोण कोण आलेलं?" असं विचारायच्या तेव्हा त्यांना फक्त गॅलरी अभिप्रेत असे. त्या गॅलरीवर या बाईंचं राज्य होतं. महिला मंडळ नावाची एक संस्था होती, तिच्या त्या अध्यक्षा. दरवर्षी रीतसर निवडणूक व्हायची. उमेदवार एकच असे, सूचक घरून ठरवून आणलेली असे, आणि टाळ्या कोणी सुरू करायच्या हेही ठरलेलं असे. प्रेसिडेंटीणबाई हे नाव माझ्या आईनं ठेवलं. आई कुणाला नावं ठेवणारी नव्हती, तिनं ते आदरानं ठेवलं होतं. त्यातला आदर काढून टाकायचं काम मी केलं.

त्या आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. आम्ही तळमजल्यावर, मोरीच्या पाइपाशेजारी. त्यांचे यजमान कल्याणला रेल्वेच्या कचेरीत होते आणि घरी आले की पेपर उघडून त्याच्या आड बसत. बाईंना सर्वांत मोठा अभिमान घराण्याचा. आता आमच्या सगळ्यांचे पणजोबा अलिबाग-पेणच्या बाजूला तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे, आणि यात लपवण्यासारखं काय आहे? पण प्रेसिडेंटीणबाईंचे पणजोबा म्हणे घाण्यावर फक्त देखरेख करत. बैल कोण हाकत होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माझ्या आईचे वडील मात्र अगदी परवा-परवापर्यंत तेल विकत होते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि आईशी बोलताना त्यांचं नाक किंचित वर जाई. तेलाचा वास तीन पिढ्या जात नाही, असा त्यांचा समज असावा.

"मी काही बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. हे वाक्य आलं की बायका पदर सावरून नीट बसत, कारण आता अर्धा तास तरी सुटका नाही हे सगळ्यांना माहीत असे. "मी काही बोलत नाही, पण शब्बाथला डोंबिवलीहून गाडीत बसून यायचं आणि इथे डोक्यावर पदर घ्यायचा, हे देवाला दिसत नाही काय?" हे ज्या बाईला उद्देशून असे ती डोंबिवलीच्या अलीकडे कोपरला राहायची. आमच्या धर्मात शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाहनात बसायचं नसतं, हे खरं. पण कोपरहून ठाण्यापर्यंत चालत यायचं म्हणजे शब्बाथ संपल्यावर पोहोचायचं. ती बाई मान खाली घालून बसे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येई. स्वतः प्रेसिडेंटीणबाईंचं घर सिनेगॉगपासून टेंभी नाक्याच्या अलीकडे, पाच मिनिटांवर. धर्म पाळायला इतकी सोयीची जागा मिळाली की माणूस कडक होतो.

पण त्यांचं खरं राजेपण दिसायचं ते हातबोशीच्या वेळी. प्रार्थना संपली की आमच्याकडे एकमेकांचा हात दोन्ही हातांत घेतात आणि मग स्वतःची बोटं ओठांना लावतात. वडीलधाऱ्यापासून सुरू होतं आणि हातातून हातात सगळीकडे पोचतं. खाली हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, सुरुवात करत. बाकांवरून फिरत फिरत हात जिन्यापाशी यायचा. तिथे प्रेसिडेंटीणबाई आधीच येऊन उभ्या असत. यजमानांकडून हात घ्यायच्या आणि तो वर आणायच्या. मग वाटप. पुढच्या कठड्याजवळच्या बायका आधी, ज्यांचे मुलगे परदेशात त्या त्यांच्या मागोमाग, मग बाकीच्या. आई नेहमी शेवटी. तिला हात मिळायचा तोही पूर्ण नाही, दोन बोटं. आई तीही दोन बोटं डोळे मिटून ओठांना लावायची. मी तेव्हा शाळेत होते, आणि मला त्या बोटांना कडकडून चावावंसं वाटे.

आईचा उपयोग मात्र बाईंना पुरेपूर ठाऊक होता. नव्या सणाला, म्हणजे आमच्या वर्षारंभाला, गव्हाच्या चिकाचा हलवा लागतो. गहू भिजवा, वाटा, चीक काढा, नारळाचं दूध घाला, आणि मग ते ढवळत उभं राहा. हात थांबला की तळाला लागलंच. मंडळाचा हलवा सबंध समाजासाठी व्हायचा, मोठ्या पातेल्यात, आणि पातेल्याशी उभी असायची आई. प्रेसिडेंटीणबाई खुर्चीवर बसून सूचना देत. "अगं, कडा सोडतोय का बघ. नाही सोडत? मग ढवळ." हलवा थंड झाला की वड्या पाडायला मात्र त्या स्वतः उठत. सुरी त्यांच्याच हातात हवी. एकदा परदेशातून काही ज्यू पाहुणे आमचं सिनेगॉग बघायला आले होते. त्यांच्यात एक गोरी बाई, पँट घातलेली, फार चौकस. मी कॉलेजात होते म्हणून दुभाषी म्हणून मला उभं केलं होतं. तिनं विचारलं की इथे बायकांना काय काय करू देतात. प्रेसिडेंटीणबाई म्हणाल्या, "तिला सांग, आमच्याकडे बायकांना सगळे हक्क आहेत." मग जरा विचार करून म्हणाल्या, "आणि वर बसायचा हक्क तर फक्त आम्हालाच आहे." पाहुणीनं ते वहीत लिहून घेतलं. तिला हलव्याची वडी दिली, ती तिला फार आवडली, आणि कोणी केला असं तिनं विचारल्यावर बाई नम्रपणे हसल्या. आई तेव्हा मागे पातेलं घासत होती.

एक गोष्ट मला कबूल करावीच लागते, आणि ती मी नाखुशीनंच करते. समाजातली कुठलीही बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायला प्रेसिडेंटीणबाई जायच्या. माजिवड्याला असो की कल्याणला, निरोप आला की पदर खोचून निघायच्या. इतर बायका घाबरत, कुणाला रक्तदाब आठवे, कुणाला सूनबाईचं बाळंतपण. बाई मात्र पाणी कोमट करून घेत, केस विंचरत, नखांतला मळ काढत, आणि तेवढा वेळ त्यांच्या तोंडून "मी काही बोलत नाही" बाहेर पडत नसे. आई सांगायची की त्या वेळी त्यांचा हात फार हलका असतो. जिवंत बायकांच्या वाट्याला तो हात का येत नाही, असं मी विचारलं तर आई म्हणाली, "गप गं."

आईचे गुडघे गेले ते त्या पातेल्यापाशी उभं राहून, असं माझं मत आहे. डॉक्टरचं मत वेगळं होतं, पण डॉक्टरनं हलवा ढवळला नव्हता. सुरुवातीला ती गॅलरीचा जिना कठडा धरून चढायची. तो जिना उभा आणि अरुंद, पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या. मग एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकून चढू लागली. मग तिनं गब्बाईंना विचारलं. गब्बाई म्हणजे सिनेगॉगचा कारभार बघणारे गृहस्थ, भला माणूस. खालची निम्मी बाकं तेव्हा रिकामीच पडलेली असायची. दरवर्षी कुणी ना कुणी इस्रायलला जात होतं, आणि जाणारे पुरुष आपली जागा बरोबर नेत नव्हते. आई म्हणाली, "शेवटच्या बाकावर एक पडदा लावा. मी त्याच्या मागे बसेन. कुणाला दिसणार नाही." गब्बाई म्हणाले, "माझी काही हरकत नाही. पण बायकांचं बायकांनी ठरवावं. मंडळात विचारा."

मंडळात विचारायचं म्हणजे कुणाला विचारायचं हे वेगळं सांगायला नको. प्रेसिडेंटीणबाईंनी आईच्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी काही बोलत नाही. पण आज ही खाली बसेल, उद्या आणखी कुणाचे पाय दुखतील. मग गॅलरी कशाला बांधली आपल्या वाडवडिलांनी? कबुतरांसाठी?" दोन-तीन बायका हसल्या. बाकीच्यांनी आपापल्या साडीचे काठ निरखले. त्यांतल्या निम्म्यांचे गुडघे दुखत होते, आणि हे मला ठाऊक होतं, कारण त्या सगळ्या आमच्याच घरी येऊन तेल चोळून घ्यायच्या. आईनं पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. ती भांडत नव्हती, विचारत होती. भांडली असती तर कदाचित काही झालं असतं.

आईला काय हवं होतं? तिला किप्पूरच्या दिवशी शोफार ऐकायचा होता. किप्पूर हा आमचा दिवसभराचा कडक उपास. पाणीसुद्धा नाही. पांढरे कपडे घालून सगळे सिनेगॉगमध्ये बसतात, आणि संध्याकाळी शेवटी शोफार वाजतो, मेंढ्याचं शिंग. तो एक लांब सूर ऐकला की वर्षाचा हिशेब मिटला, असं आई म्हणे. आयुष्यात एकही किप्पूर तिनं चुकवला नव्हता. मी पोटात होते तेव्हाही नाही.

ज्या वर्षी तिसऱ्यांदा नकार मिळाला, त्या किप्पूरला ती जिना बसून चढली. पाठ वरच्या पायऱ्यांकडे, तोंड खालच्या बाजूला, हात टेकून एकेक पायरी मागे सरकत. पांढऱ्या साडीचा मागचा भाग काळा झाला. मी मागून तिला धरायला गेले तर म्हणाली, "नको, तू पुढे जा. लोक बघतात." लोक बघतच होते. वर पोचल्यावर प्रेसिडेंटीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "बघा. श्रद्धा असली की चढता येतं." माझ्या आयुष्यात मी पुष्कळ हलकट वाक्यं ऐकली आहेत. नोकरीत ऐकली, सासरी ऐकली. पण याच्या जवळपास पोचणारं एकही नाही.

पुढच्या वर्षापासून आई घरीच राहिली. उपास करायची, पांढरी साडी नेसायची, प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर घेऊन खिडकीशी बसायची. घर जवळ असलं तरी मध्ये नाका, रिक्षा, बसचे हॉर्न. शोफार ऐकू येणं शक्य नव्हतं. मी गॅलरीत बसायचे आणि तो वाजला की जिना उतरून घरी पळत यायचे. आई दाराकडेच बघत असायची. "वाजला का गं?" मी म्हणायचे, "वाजला." "लांब वाजवला?" "खूप लांब." मग ती पाणी प्यायची. माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला गेले, तरी किप्पूरला ठाण्याला यायचे ते मुख्यतः एवढ्यासाठी. मी प्रार्थना ऐकायला जात होते की निरोप आणायला, ते देवाला माहीत.

आई गेली ती थंडीत, सकाळी, चहाचं आधण ठेवता ठेवता. मी डोंबिवलीहून पोचले तेव्हा प्रेसिडेंटीणबाई खाली येऊन कामाला लागल्या होत्या. पदर खोचलेला, पाणी तापत ठेवलेलं. मला म्हणाल्या, "मुलीनं आत थांबायचं नसतं." मी म्हटलं, "मी थांबणार." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच थेट तोंडाकडे, आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी दाराशी उभी राहून पाणी देत होते. त्यांनी आईचे केस धुतले, मान, हात. मग चादर वर घेतली आणि त्या थबकल्या. आईचे गुडघे सुजून पार वेडेवाकडे झालेले होते, साडीखाली कधी दिसले नव्हते. बाई त्यांवर हात ठेवून बसून राहिल्या. मग अगदी हळू आवाजात, आईलाच म्हणाल्या, "एवढे सुजलेले गं? मला सांगायचं नाही का?"

मी म्हटलं, "सांगितलेलं तिनं."

बाईंनी मान वर केली नाही. "पाणी दे," म्हणाल्या. मी पाणी दिलं. त्यांनी दोन्ही गुडघ्यांवरून ते फार सावकाश ओतलं, दुखेल अशा भीतीनं ओतावं तसं. मला त्यांची दया यायला हवी होती बहुधा. मला संताप आला. जिवंतपणी जे बघायची तसदी घेतली नाही, ते मेल्यावर बघून काय उपयोग?

पुढच्या किप्पूरच्या आधी मंडळाची सभा झाली. मी नव्हते, कोपरच्या बाईनं मला फोनवर सगळं सांगितलं. प्रेसिडेंटीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्यानं आता वर चढवत नाही. माझे पाय फार दुखतात. खाली पडदा लावून घ्या." एका मिनिटात ठराव पास. गब्बाईंनी त्याच आठवड्यात दोरी बांधली, मंडळानं पांढरा पडदा शिवला. फोन ठेवल्यावर मी सासूसमोर न शोभणारे शब्द वापरले. माझ्या आईनं तीन वर्षं मागितलं ते मिळालं नाही, आणि या बाईंचे पाय जरा कुरकुरले तर सगळं हजर.

त्या किप्पूरला मी गेले. पडद्यामागे बाई बसल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर कल्याणच्या दोन म्हाताऱ्या आणि एक काठीवाली. म्हाताऱ्यांना पुढची जागा होती. बाई खांबाच्या मागे, जिथून हजानसुद्धा दिसत नाहीत. हातबोशी वर न्यायला जिन्यापाशी आता दुसरीच कुणी उभी होती, आणि तिनं ती वर नेऊन हाताला येईल तशी वाटली. संध्याकाळी शोफार वाजला. कुठे पळत जायचं नव्हतं म्हणून मी तो कित्येक वर्षांनी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी आईचं घर आवरत होते. दार उघडं होतं. प्रेसिडेंटीणबाई जांभळी नाक्यावरून बाजार करून आल्या, दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या, आणि आमच्या दारावरून तीन मजले न थांबता, कठड्याला हातसुद्धा न लावता, तुरुतुरु चढून गेल्या. मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले. त्यांचे पाय दुखत नव्हते. एका नखालासुद्धा काही झालेलं नव्हतं. "मी चुकले" हे दोन शब्द त्या बाईच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं स्वतःचे पाय मोडून घेतले. सरळ माफी मागायला लागते तेवढी छाती नाही, आणि गप्प बसवेल एवढं मनही कोडगं नाही. असल्या माणसांचं काय करायचं असतं? मी कुणाला काही सांगितलं नाही. पडदा राहायला हवा होता.

त्या पुढली सगळी वर्षं खाली खांबामागेच बसल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्याला यजमान गेले आणि मुलानं त्यांना इस्रायलला बोलावलं. निघायच्या आधी घरी मलिदा केला, आमच्यात शुभकार्याला करतात तो. गोड पोहे, नारळ, खजूर, फळं, आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, नाव. प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष जेमतेम जमले. बाईंनी जाता जाता सुद्धा कोपरच्या बाईला सांगितलं की पोहे जरा जास्तच भिजलेत. एवढी वर्षं गेली, नवरा गेला, घर सुटलं, तरी जीभ जागच्या जागी. मी त्यांना माफ केलेलं नव्हतं, आजही केलेलं नाही. मी गेले ती आईच्या वतीनं. आई गेली असती.

खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती. मी त्यांची एक बॅग घेऊन आधीच पहिल्या मजल्याच्या वळणावर येऊन थांबले होते. वरून पावलांचा आवाज आला, भराभर, एखाद्या पोरीसारखा. बाई खांद्याला पर्स अडकवून पायऱ्या उतरत आल्या आणि वळणावर मी दिसले. त्या जागीच थांबल्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी बोलतील. वर कुणी नव्हतं, खाली कुणी नव्हतं.

त्यांनी कठडा धरला. उजवा पाय पुढे टाकला, मग डावा त्याच पायरीवर ओढून आणला. तोंड वेडंवाकडं करून पुढची पायरी.

"सावकाश, बाई," मी म्हटलं, आणि मोकळा हात पुढे केला. त्यांनी तो धरला. खालपर्यंत आम्ही एकेक पायरी तशाच उतरलो, आणि सबंध जिना उतरेपर्यंत त्यांच्या हाताचा भार माझ्या हातावर अजिबात पडला नाही.